प्रतीक्षेच्या काळातील नागरधर्म

प्राचीन अथेन्स या नगरराज्यात ‘मेटिक’ नावाचा परदेशी रहिवाशांचा एक वर्ग होता. तो व्यापार करी, कारागिरी करी, नगराला वार्षिक शिरपट्टी देई आणि युद्धप्रसंगी सैन्यातही उभा राही, परंतु नगरसभेत त्याला मत नसे. नागरिक कोणास म्हणावे याची मूलगामी मीमांसा करणारा ॲरिस्टॉटल स्वतः त्या नगरात परकाच होता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांची राजकीय स्थिती आज याहून फारशी निराळी नाही. एच-वन-बी व्हिसाची मुदत सामान्यतः सहा वर्षांची असते. परंतु ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला तरी क्रमांक येईपर्यंत मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहावे लागते, कारण कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक वाटा न देणारा नियम भारताला आणि आइसलँडला एकाच मापाने मोजतो. नोकरी गेली तर नवी शोधण्यास जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते, आणि मुले एकविशीला पोहोचली की आईबापांच्या अर्जावरील त्यांचा हक्क संपुष्टात येण्याचे भय असते. हा कायदा अन्याय्य आहे, आणि तो बदलावा ही मागणी रास्तच आहे.

तथापि जी प्रतीक्षा दहा-पंधरा वर्षे चालते, ती आयुष्याच्या दोन टप्प्यांमधील रिकामी जागा नसून प्रत्यक्ष आयुष्यच असते, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानी घेतलेली नाही. न्यू जर्सीतील एडिसन असो की कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट, आपल्यापैकी पुष्कळजण त्या गावात धर्मशाळेतील वाटसरूप्रमाणे राहतात. चांगल्या शाळेचा इलाखा पाहून घर घेतले जाते, आणि त्या शाळेचा मोठा खर्च ज्यातून भागतो तो मालमत्ता कर वेळेवर भरला जातो. परंतु त्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभेकडे आपली पावले क्वचितच वळतात. गणेशोत्सव, रविवारची मराठी शाळा, 1981 पासून कार्यरत असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ, ही सारी कार्ये स्पृहणीय आहेत. मात्र त्यांचे मुख आपल्याच समाजाकडे आहे.

आपला पूर्वेतिहास याहून उदार आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या. त्या तेथे पाहुण्या होत्या. तरीही तेथील शाळा, राज्यव्यवस्था आणि स्त्रियांच्या संस्था यांचे त्यांनी इतक्या आस्थेने निरीक्षण केले, आणि कृष्णवर्णीयांवरील अन्यायाकडेही डोळेझाक न करता सारे इतक्या निःस्पृहपणे नोंदविले, की 1889 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ आजही प्रमाणभूत वाटतो.

मताधिकार नाही म्हणून काहीच करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. राष्ट्रीय निवडणुकीच्या मतपेटीपासून परदेशी नागरिकाने कटाक्षाने दूरच राहिले पाहिजे, यात शंका नाही. परंतु शाळेच्या पालकसंघात काम करण्यास, सार्वजनिक ग्रंथालयात सेवा देण्यास, नगरपालिकेच्या खुल्या सभेत आपल्या गल्लीचे गाऱ्हाणे मांडण्यास ग्रीन कार्ड लागत नाही. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या टाकोमा पार्क या गावाने तर 1990 च्या दशकाच्या आरंभापासून आपल्या स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशांनाही मताधिकार दिला आहे. राष्ट्राने नागरिक मानले नाही तरी गावाने शेजारी मानले, हा केवढा मोठा आदर्श आहे!

व्हिसाची टांगती तलवार डोक्यावर असताना चारचौघांत बोलण्याचा संकोच वाटतो, हे मी जाणतो. पालकसंघाच्या बैठकीत मागच्या रांगेत बसून राहणाऱ्यांची ती धास्ती खोटी नाही. म्हणूनच हे काम एकेकट्याच्या धैर्यावर न सोडता मंडळांनी संघटितपणे हाती घ्यावे. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे, की नवागत कुटुंबाला त्यांनी वाणसामानाच्या दुकानाचा पत्ता द्यावाच, पण त्याबरोबर नगरसभेचा दिवस आणि वेळही सांगावी, आणि पहिल्या सभेस कोणी जाणत्याने त्यांच्यासोबत जावे.