मागणीपत्र : गोळ्या देता, तसे वजनही बघा

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नंदुरबार

विषय : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे वजन आटोक्यात ठेवण्यासाठी काठी-मोलगी परिसरात नियमित उपचार मिळण्याबाबत

महोदय,

सातपुड्यात वजनकाटा निघतो तो कुपोषित बाळासाठी. मोठ्या माणसाचे वजन वाढले तर ‘अंग धरले’ म्हणून घरचे समाधान मानतात. त्यामुळे ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या गोळ्यांवर असलेल्या आमच्या माणसाचे पोट सुटले, चढावर धाप लागू लागली, तरी ते कोणी दुखणे मानत नाही. या गोळ्यांनी भूक वाढते, सुस्ती येते. पुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका. गोळ्या आम्हाला हव्याच आहेत. त्यांच्यामुळेच आमची माणसे रात्री झोपतात, शेतात उभी राहतात. पण वाढत्या अंगाला कंटाळून रुग्ण गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो, हे आम्ही नातेवाइकांनी सोसले आहे.

हे वजन उतरवता येते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात 291 गंभीर मानसिक रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच जातीचा आजार होता. रुग्ण एरवी जात त्या पुनर्वसन केंद्रांतच गटाने व्यायाम, वजनाची नोंद आणि खाण्यापिण्याच्या सोप्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणे, यांवर उपायाचा भर होता. 18 महिन्यांनी हा उपाय मिळालेल्यांचे वजन तो न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी 3.2 किलोने अधिक उतरले. आकडा लहान वाटेल; पण वजन सहा महिन्यांवर अडकले नाही, उतरत राहिले. म्हणून आम्हाला एका दिवसाचे शिबिर नको.

गोळी सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर रुग्णाच्या कार्डावर लिहावी. पहिले तीन महिने दरमहा व नंतर दर तीन महिन्यांनी वजन घ्यावे. आपल्या भागात सिकलसेल आहे. अशा रुग्णांत साखरेची एचबीएवनसी तपासणी फसवू शकते, म्हणून साखर थेट मोजावी. उन्हात दमवणारा व्यायामही त्यांना देऊ नये.

आठवड्यातून एकदा काठीतच गट भरवावा, तोही भिली-पावरी बोलणाऱ्या माणसाने. होळीला रात्रभर ढोलावर नाचणाऱ्या गावाला व्यायामाची यंत्रे लागत नाहीत. ढोल आणि मोकळे मैदान पुरे. आहाराचा तक्ता ज्वारी-मक्याची भाकरी, उडदाची डाळ, रानभाज्या धरून करावा. साखरेचा चहा, बिस्किटे, पाकिटातले तळण कसे कमी करायचे हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि बाप्यालाही समजवावे. रुग्णाला खादाड म्हणून हिणवणे बंद व्हावे. ती भूक औषधाची आहे.

वजन झपाट्याने वाढले तर मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी बदलण्याचा किंवा मेटफॉर्मिन जोडण्याचा विचार करावा, आणि ती औषधे मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावीत. मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना पुरेशा गोळ्या व कार्ड सोबत द्यावे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 21 मानसिक रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकाच उपचाराचा हक्क देते. त्या आधारे आमची विनंती आहे की, होळीआधी काठीत रुग्ण व नातेवाइकांसमोर बैठक घ्यावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे.

आपले,
मानसिक आजारी व्यक्तींचे नातेवाईक, काठी परिसर