स्कोअर कोण लिहिणार?

शनिवारी सकाळी नाशिक हायवे पकडायचा, नारायणगावला मिसळ हाणायची, शिवनेरी चढायचा आणि रविवारी भीमाशंकर करून मंचरमार्गे परत. जुन्नर-आंबेगाव म्हणजे आपल्यासाठी वीकएंड! या खेपेला मात्र मी त्या भागातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेले. मावसभाऊ तिथे एस. वाय.ला आहे.

पठ्ठ्या व्हीलचेअरवर असतो आणि कॅरम असा खेळतो, की घरी त्याच्यासमोर बसायला कुणी तयार नसतं. कॉलेजच्या जिमखान्यात दोन बोर्ड आहेत. पण दाराशी तीन पायऱ्या. ‘मग काय झालं, पोरं उचलून नेतात की!’ तिथले एक सर कौतुकाने म्हणाले. पोरं चांगलीच आहेत हो. पण भाऊ म्हणतो, ‘ताई, एका गेमसाठी चौघांना हाक मारायची. मध्येच बाथरूमला जायचं झालं, की परत चौघं. सोड ना.’ म्हणून तो दोन वर्षं मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटचा स्कोअर लिहितोय. अक्षर छान आहे म्हणे त्याचं!

२०२४मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ बघून आपण सगळे भारावलो. ज्यांच्यावर तो सिनेमा आहे ते मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जखमी झाले, पुढे पोहण्याकडे वळले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेऊन आले. भारताचं पहिलं! पण त्याआधी त्यांना तलावात उतरायला मिळालं होतं, हे आपण विसरतो. आणि माझ्या भावाला तर मेडलही नकोय. ऑफ पिरियडला टाइमपास करायचाय, बास.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाच्या सोयींचा वेगळा उल्लेख आहे. जुन्या इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत होती, तीही २०२२मध्ये संपली. आणि काम केवढं? सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. रॅम्पचा उतार एकास बारा धरतात, म्हणजे १८ फूट लांबी. गवंड्याचं काही दिवसांचं काम.

संध्याकाळी गॅदरिंगच्या स्टेजला फळी लावून मस्त उतार केलेला दिसला. कशासाठी? डीजेचे स्पीकर चढवायला!

भाऊ हळूच म्हणाला, ‘ताई, स्पीकर उतरले की ती फळी मागून घेऊ का?’

आम्ही मोजली. सहा फुटांची होती.