दोष कोणाच्या पदरीं?

"यंत्र निर्दोष आहे; दोष वापरणाराच्या मनाचा," असें शहाणपण हल्लीं सुशिक्षितांच्या घरोघरीं ऐकूं येतें. मुलगा पुस्तकाचीं दोन पानें वाचून मोबाईलकडे वळला, कीं वडील त्याच्या चंचलतेवर प्रवचन झोडतात. आणि प्रवचन संपतांच स्वतःचा मोबाईल चाळूं लागतात. हें शहाणपण सोयीचें खरें. पण तें सत्य आहे काय?

यंत्रास निर्दोष तेव्हां म्हणावें, जेव्हां तें आपल्या मनाविषयीं उदासीन असेल. पुस्तकास शेवटचें पान असतें. वर्तमानपत्रही घटकाभरांत सरतें. तेथें 'आतां पुरे' असा विचार येण्यास जागा राहते. २००६ सालीं अझा रास्किन या अमेरिकन रचनाकारानें कधींही न संपणाऱ्या पानाची युक्ति काढली, आणि ती जागाच बुजली. पुढें त्यानेंच तिजबद्दल खेद प्रकट केला. मानसशास्त्रज्ञ स्किनर यानें कबुतरांवरील प्रयोगांत दाखविलें होतें, कीं दाणा प्रत्येक टोचीस न मिळतां अनियमितपणें मिळाला, तर पक्षी अधिक चिकाटीनें टोचत राहतो. आमच्या बोटांची गति याहून निराळी नाहीं. बरें, हा दाणा फुकट कां? फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीच्या २०२३ सालच्या उत्पन्नांत शेकडा ९५ हून अधिक वांटा जाहिरातींचा होता. म्हणजे आमचें अवधान हाच तेथला विक्रीचा माल!

"कादंबऱ्यांसही आमचे पूर्वज हेंच दूषण देत नव्हते काय?" असा आक्षेप येईल. देत होते. परंतु कादंबरी कितीही सुमार असली तरी वाचकास एका ठिकाणीं बसवी; एका माणसाचें सुखदुःख शेवटपर्यंत सोसावयास लावी. मोबाईल क्षणांत शोक, क्षणांत विनोद दाखवून कांहींच मनांत मुरूं देत नाहीं. आणि मुरल्यावांचून चिंतन कसलें?

तथापि यंत्राचा दोष सिद्ध झाल्यानें आमचा सुटत नाहीं. समोर इतका सावध व्यापारी असतां एकट्या मुलाच्या निग्रहावर भिस्त ठेवणें हा वडीलधाऱ्यांचाच प्रमाद आहे. मुलाच्या अंगीं निग्रह घराच्या रीतींतून उतरतो. दिवेलागणीनंतर एक तास सर्वांचे मोबाईल फडताळांत ठेवावे, आणि पहिला वडिलांचा. एवढें ज्यांस जड वाटेल, त्यांनीं मुलांस चंचल म्हणण्याचा अधिकार सोडून द्यावा.