यंत्रे येतील, आवाज टिकतील काय?

गावोगावची भजनी मंडळे, नाट्यसंस्था आणि शाळा आता स्वतःचा ध्वनिमुद्रण कक्ष उभारण्याचा विचार करू लागल्या आहेत. या उमेदीचे आम्ही स्वागत करतो. एके काळी मुद्रणासाठी आमच्या कलावंतांना मुंबईची वाट धरावी लागे. आज संगणक, ऑडिओ इंटरफेस नावाची लहानशी पेटी आणि दोन चांगले मायक्रोफोन एवढ्यावर काम भागते.

परंतु वर्गणीच्या वा अनुदानाच्या पैशातून खरेदी होते, तेव्हा पहिला मान भपक्याला मिळतो. भलामोठा मिक्सर येतो, मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्‌घाटन होते, छायाचित्रे निघतात. ज्या खोलीत गायचे तिच्या भिंती मात्र उघड्याच राहतात. भिंतींवरून परतणारा घुमारा एकदा मुद्रणात उतरला की महागडे यंत्रही तो पुरता काढू शकत नाही. म्हणून पहिला पैसा खोलीवर खर्च व्हावा : खनिज लोकरीचे जाड फलक, जड पडदे, घट्ट बसणारे दार. त्यानंतर मायक्रोफोन. गळ्यातील बारीक हरकत कंडेन्सर मायक्रोफोन उत्तम टिपतो. घुमटाची थाप जवळून घ्यायची तर डायनॅमिक अधिक सोशिक. आमच्या किनाऱ्यावरील पावसाळी दमटपणा कंडेन्सरला मानवत नाही, त्यात खरखर सुरू होते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा ही किरकोळ वस्तू. पण यादीतून नेमकी तीच गळते.

याहून मोठा प्रश्न जतनाचा आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ या दर्जाच्या तासाभराच्या स्टिरिओ मुद्रणास सुमारे २ गिगाबाइट जागा लागते. तेव्हा प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या गावी ठेवणे कोणत्याही संस्थेस अवघड नाही. कोण गायले, कुठे, केव्हा, याची नोंदवही तर वहीच्या किमतीत होते.

केरीच्या केसरबाई केरकर यांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. तबकडीत मावले तेवढे उरले. मैफलींचे कितीतरी तास ऐकणाऱ्यांबरोबरच गेले. त्या काळी साधनांची मर्यादा होती. आज ती सबब आपणांस सांगता येणार नाही. २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. पण मान देणे वेगळे आणि गावोगावच्या घुमट-आरतीची चाल टिपून ठेवणे वेगळे. धालोची गाणी मुखोद्गत असलेल्या वृद्ध माउली प्रत्येक वाड्यावर आता किती उरल्या आहेत?

म्हणून आमची सूचना अशी की, अनुदान देताना सरकारने दोन अटी घालाव्यात. गावातील दोन तरुणांना हे तंत्र रीतसर शिकवावे, आणि पहिल्या वर्षीची मुद्रणे गावातील वयोवृद्ध गायक-वादकांचीच व्हावीत. यंत्र पुढल्या वर्षीही विकत घेता येईल. त्या माउलींचा आवाज पुढल्या वर्षी असेलच, याची हमी कोणी देणार नाही.