उभ्या मोटारीची कललेली चित्रे

दसऱ्या-पाडव्याच्या सुमारास निघणाऱ्या मोटारविषयक पुरवण्या चाळल्या, अथवा नवी गाडी घरी आणणाऱ्या कुटुंबांनी हौसेने काढून आप्तेष्टांस पाठविलेली छायाचित्रे पाहिली, म्हणजे एक प्रघात ठळकपणे नजरेत भरतो. गाडी सपाट जमिनीवर स्वस्थ उभी असते, तिचे इंजिन बंद असते, परंतु चित्रातील क्षितिज दहा-पंधरा अंशांनी कललेले असते, पाठीमागची इमारत कोसळण्याच्या बेतात दिसते, आणि गाडी एखाद्या अदृश्य उतारावरून घसरत चालली असावी किंवा अदृश्य चढावर अडकून पडली असावी असा भास होतो. रस्ता सपाट असतो, गाडीही सरळ असते. कल असतो तो कॅमेरा धरणाऱ्याच्या मनगटात. स्थिर वस्तूस वेगाचा आभास द्यावा हा त्यामागील हेतू, आणि हेतू म्हणून तो मुळीच निंद्य नाही. परंतु ज्या उपायाने तो साधू पाहिला जातो तो उपाय मोटारीच्या रूपावरच अन्याय करतो असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे, या प्रघाताविरुद्धची माझी फिर्याद मी वाचकांपुढे दाखल करीत आहे.

मोटारीचा आकार ही सहज सुचलेली गोष्ट नव्हे. चिकणमातीच्या पूर्णाकृती नमुन्यावर कारागीर महिनोन् महिने हात फिरवितात, एकेक रेषा खरवडून पुन्हा घडवितात, आणि हे सर्व करताना एका गोष्टीचा आधार कधीही सोडीत नाहीत: दोन चाके जमिनीला टेकतात तेथून जाणारी आडवी रेषा. गाडीच्या अंगावरील प्रत्येक चढउतारास अर्थ येतो तो या रेषेच्या संबंधाने. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये खिडक्यांच्या खालच्या कडेने जाणारी रेषा पुढून मागे हळूहळू चढत जाते, आणि त्या चढणीमुळेच उभी गाडीही पुढे झेपावण्याच्या तयारीत असल्यासारखी दिसते. मार्चेल्लो गांदीनी या इटालियन रचनाकाराने ‘बेर्तोने’ या संस्थेसाठी घडविलेली आणि १९७० साली ट्यूरिनच्या प्रदर्शनात मांडलेली लांच्या स्त्रातोस झीरो ही गाडी पाहावी. तिची उंची सुमारे ८४ सेंटिमीटर, आणि नाकापासून पाठीपर्यंत ती जवळजवळ एका पाचरीसारखी चढत गेलेली आहे. याच्या उलट १९५५ सालची सित्रोएन डीएस पुढे भरदार आणि मागे निमुळती होत उतरते, व त्या उतारातच तिचा संथ डौल आहे. दोन्ही गाड्यांचे सौंदर्य कलामध्ये आहे खरे, पण तो कल रचनाकाराने विचारपूर्वक मोजून दिलेला आहे.

आता या मोजून दिलेल्या कलावर छायाचित्रकाराने स्वतःचा कल लादला म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. चौकट अशी वाकविली की गाडीचे नाक खाली जावे, तर मुळातली चढण दुप्पट-तिप्पट होऊन गाडीने करकचून ब्रेक लावला असावा असे दिसते. उलट नाक वर जाईल अशी वाकविली, तर रचनाकाराने फार थोड्या अंशांची जी चढण दिली होती ती सपाट होते किंवा उलटीच पडते. म्हणजे ज्या वेगाच्या आभासासाठी हा खटाटोप केला, तो आभास गाडीच्या अंगी मूळचाच होता आणि तो या खटाटोपानेच पुसला गेला. शिवाय चाक हा मोटारीचा प्राण. त्याने भूमीवर दिलेला भार, टायरचा तळ जेथे किंचित पसरतो ती जागा, चाकावरील कमानीचे अंतर, यांतून गाडीचे वजन डोळ्यांस जाणवते. जमीनच कलली की हे वजन नाहीसे होते, आणि दीड टनाची वस्तू कागदी खेळण्यासारखी पोकळ वाटू लागते.

या प्रघाताच्या बाजूने जो एक मुद्दा मांडला जातो तो मात्र विचारात घेण्याजोगा आहे, कारण तो चौकटीच्या मापाशी संबंधित आहे. गाडीची लांबी साधारणतः तिच्या उंचीच्या तिप्पट असते. जुन्या फिल्मच्या तीनास दोन या आडव्या चौकटीत गाडी बाजूने पूर्ण रुंदीभर बसविली तर ती निम्मी उंची व्यापते. पण मोबाइलच्या उभ्या पडद्यावर, जेथे रुंदी नऊ तर उंची सोळा, तीच गाडी एकूण उंचीचा पाचवा हिस्साही व्यापीत नाही. कर्णरेषेवर आडवी टाकली की तिला थोडी अधिक लांबी मिळते, आणि उभ्या पडद्याचे राज्य सुरू झाल्यापासून या तिरकेपणास बळ आले ते बहुधा याच कारणाने. अडचण खरी आहे. पण मोकळ्या राहिलेल्या चार हिश्शांत रस्ता, डोंगर, आकाश, पावसाने ओली झालेली डांबरी वाट असे कितीतरी येऊ शकते. गाडी ज्या मुलखात चालायची तो मुलूख चित्रात येणे हा तोटा कसा मानावा, हे मला उमगत नाही.

वेग दाखविण्याचाच प्रश्न असेल, तर या विषयातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्राचा दाखला देणे अगत्याचे आहे. झाक आँरी लार्तिग हा फ्रेंच तरुण जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, ऑटोमोबाइल क्लब ऑफ फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत समोरून जाणाऱ्या गाडीचे त्याने एक चित्र टिपले. त्यावर त्याने १९१२ साल नोंदविले होते, पुढील अभ्यासकांनी ते १९१३ चे ठरविले. या चित्रात गाडीचे मागचे चाक लंबगोल होऊन पुढे कललेले आहे आणि काठावरील प्रेक्षक व खांब मागच्या बाजूस झुकलेले आहेत. हे घडले ते असे. त्याच्या कॅमेऱ्यात काचेच्या पट्टीसमोरून एक अरुंद फट सरकत जाई, त्यामुळे चित्राचा खालचा भाग आधी आणि वरचा भाग क्षणार्धाने नंतर उमटे. तेवढ्या अवधीत चाक पुढे गेलेले असल्याने त्याचा माथा पुढे उमटला. आणि लार्तिग गाडीच्या दिशेने कॅमेरा फिरवीत होता, पण गाडीइतक्या वेगाने नव्हे, म्हणून स्थिर असलेली माणसे उलट दिशेला झुकली. या चित्रातील प्रत्येक तिरपेपणा वेगाने स्वतः लिहिलेला आहे. तो मागाहून चढविलेला साज नाही. पुढे व्यंगचित्रकारांनी धावत्या मोटारीची चाके पुढे कललेली काढण्याचा प्रघात पाडला, त्यामागेही अशा फटीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे होती. आजही १/३० किंवा १/६० सेकंद इतका अवधी ठेवून धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा, म्हणजे गाडी स्पष्ट उमटते, पार्श्वभूमी आडव्या रेघांत वाहून जाते, आणि चौकट तसूभरही न वाकविता वेग डोळ्यांस दिसतो. यास सराव लागतो, दहांतील आठ चित्रे वाया जातात, आणि मनगट वाकविणे त्याहून सोपे आहे. हेच या प्रघाताचे खरे मूळ असावे.

कललेली चौकट सर्वत्र त्याज्य आहे असे मात्र मी म्हणत नाही. रशियन छायाचित्रकार अलेक्सांद्र रॉदचेंको याने १९२८ मध्ये, पोटाशी कॅमेरा धरून सरळ समोर पाहण्याच्या सवयीविरुद्ध तात्त्विक बंड पुकारले, आणि पायऱ्या, गच्च्या, मनोरे यांची तिरकी चित्रे काढून पाहणाऱ्यास त्याचे जग नव्याने पाहावयास लावले. कॅरल रीड यांच्या १९४९ सालच्या ‘द थर्ड मॅन’ या चित्रपटात रॉबर्ट क्रास्कर यांनी चार सत्तांनी वाटून घेतलेले, युद्धाने मोडलेले व्हिएन्ना दृश्यामागून दृश्य कललेले दाखविले. तो पाहून दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी रीड यांस एक पाणसळ भेट धाडली अशी आठवण सांगितली जाते, पण त्या नगरात विश्वासाचीच पातळी ढळलेली होती आणि चौकटीचा कल त्या नगराविषयी बोलत होता. घरासमोर हार घालून उभ्या केलेल्या कुटुंबाच्या गाडीविषयी तो काय बोलणार?

आणि जेथे जमीनच खरोखर कललेली आहे तेथे तर सरळ चौकटीवाचून गत्यंतर नाही. बर्लिनच्या आवुस धावपट्टीचे उत्तरेकडील वळण १९३७ साली विटांनी बांधून ४३ अंशांनी उभारलेले होते, आणि १९६७ साली ते पाडले गेले. आज ते पाहावयाचे तर जुन्या चित्रांतच, आणि भिंतीसारख्या त्या चढावर धावणाऱ्या गाड्यांचे थरारक स्वरूप कळते ते क्षितिज आडवे असेल तरच. चौकट ४३ अंश वाकविली असती तर तीच गाडी सपाट रस्त्यावर दिसली असती. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्बर्ट स्ट्रीटवर, जेथे रस्ता ३१.५ टक्के चढतो, रस्त्याला समांतर चौकट धरून घरेच वाकडी पडत आहेत असे दाखविण्याची हौस पुष्कळांस असते. मला त्यापेक्षा घरे ओळंब्यात उभी आणि गाडी नाक वर करून चढणारी असे चित्र अधिक खरे व अधिक धाडसी वाटते. खंडाळ्याच्या घाटात हाच न्याय लागू आहे: विजेचा खांब सरळ उभा राहू द्यावा, म्हणजे चढ किती खडा आहे याची साक्ष तोच देईल.

या सर्वांस एक व्यावहारिक बाजूही आहे. जुनी गाडी विकावयास काढणारा इसम जेव्हा कललेली चित्रे प्रसिद्ध करतो, तेव्हा एका बाजूची स्प्रिंग बसली आहे काय, मागचा भाग जमिनीकडे झुकला आहे काय, याची खातरजमा करण्याचे साधनच खरेदीदाराच्या हातून निसटते. नव्या गाड्यांच्या परीक्षणांतही वाचकाचा हक्क याहून वेगळा नाही. म्हणून मोटारविषयक पुरवण्यांच्या संपादकांस माझी विनंती अशी की, तिरक्या चित्रांची हौस ज्यांना पुरवावयाची असेल त्यांनी ती जरूर पुरवावी, परंतु प्रत्येक परीक्षणासोबत बाजूने घेतलेले एक सरळ चित्र नियमाने छापावे: कॅमेरा चाकाच्या आसाइतक्या उंचीवर, दहा-पंधरा पावले मागे, लांब पल्ल्याचे भिंग लावून, आणि क्षितिज पाणसळीत. अशा चित्रास दोन स्तंभांची रुंदी आणि त्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी उंची पुरते.