रविवार कामगाराचा, मग डोंगर कोणाचा?

मृगाच्या सरी पडून गेल्या आणि सातपुड्यावर हिरवळ चढली की दर रविवारी परतवाड्यापुढच्या घाटात मोटारींची रांग लागते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘चिखलदऱ्यात पर्यटकांची अलोट गर्दी’ असा मथळा झळकतो आणि पुढाऱ्यांपासून हॉटेलमालकांपर्यंत सर्वांना विकासाची स्वप्ने पडू लागतात. या गर्दीत कोण होते याची चर्चा पुष्कळ होते. कोण नव्हते, हे मात्र कोणी विचारीत नाही. राजापेठेतल्या कापडदुकानात दिवसभर उभे राहून ठाणांमागून ठाणे उलगडणारा नोकर तिथे नव्हता. बडनेरा रस्त्यावरच्या गॅरेजात ऑइलने माखलेला पोरगा नव्हता. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, ऑटोरिक्षा चालविणारा तिचा नवरा आणि त्यांची मुले नव्हती. चिखलदरा राजापेठेपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. पोहऱ्याचे जंगल तर शहराला अगदी लागून आहे. तरीही ज्यांच्या घामावर हे शहर चालते, त्यांना हे डोंगर चित्रातल्या डोंगरांइतकेच दूर आहेत.

हा प्रश्न हौसेमौजेचा आहे असे मानून आपल्या चळवळीने तो आजवर बाजूस सारला. वस्तुतः तो श्रमाचा प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ महाराष्ट्राच्या कामगार चळवळीच्या आरंभातच आहे. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. त्या वेळी कामगाराच्या घरात सुबत्ता नांदत होती असे नव्हे. पोट अर्धे असतानाही त्याने एक दिवस मागितला, कारण माणूस हा यंत्राला जोडलेला पट्टा नव्हे, हे त्याला मालकाकडून मान्य करून घ्यायचे होते. पुढे भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदाने निर्वाहवेतनाच्या बरोबरीनेच विश्रांतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी कामगाराला मिळवून देण्याची दिशा राज्यसंस्थेला घालून दिली. भाकरी आणि फुरसत यांची फारकत संविधानकारांनी केलेली नाही. ती आपण केली.

त्या रविवारचे आज काय झाले आहे? १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना आपल्या जवळजवळ सर्व तरतुदींतून मोकळे केले. २०२५ मध्ये ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा आणि रोजच्या कामाचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. राजापेठेतून एक फेरी मारून पाहा: वीस नोकर असलेली दुकाने किती सापडतील? म्हणजे साप्ताहिक सुट्टीचे कायदेशीर कवच ज्याला सर्वांत अधिक हवे, नेमका तोच उघडा पडला. लोखंड्यांनी १८९० मध्ये जे मिळविले, ते ‘व्यवसायसुलभते’च्या गोंडस नावाखाली मुकाट्याने काढून घेतले जात आहे. सहलीला जायचे तर आधी सुट्टी हवी, हे साधे सत्य पर्यटनमहर्षींना ठाऊक नाही असे कोण म्हणेल? त्यांना त्याच्याशी कर्तव्य नाही, इतकेच.

आता डोंगराकडे वळू. चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस आले असे सांगितले जाते. जणू त्यापूर्वी तिथे राहणारे कोरकू आणि गवळी ही माणसेच नव्हती! एलिचपूरच्या छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून ते वसविले गेले. त्याच काळात खाली मैदानात काय चालले होते? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या हाती आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर त्यांची नजर खिळली. आपल्या शेतकऱ्याने पिकविलेला कापूस मँचेस्टरकडे निघाला, साहेब चिखलदऱ्याकडे निघाला, आणि कापूस वेचणारी बाई जिथल्या तिथे राहिली.

या गोष्टीचा दुसरा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. त्याच मँचेस्टरच्या परिसरातील तरुण कामगारांना आठवडाभर धुरात काम करून रविवारी मोकळ्या हवेत जावेसे वाटे. परंतु जवळची माळराने सरदार-उमरावांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे कामगारांनी पहारेकऱ्यांना न जुमानता किंडर स्काउट या डोंगरावर सामुदायिक चढाई केली. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पण त्या चढाईने जागे केलेले लोकमत पुन्हा झोपी गेले नाही. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याच डोंगराळ मुलखाची घोषणा झाली. कापूस कातणाऱ्याने आपला डोंगर लढून मिळविला. कापूस पिकविणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या मुलखात मात्र तो प्रश्न अजून कोणी विचारलेलाही नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला. त्याची खुर्ची रिकामी राहिली नाही. आज विकास म्हणून आपल्यापुढे काय ठेवले जाते? दोन कड्यांना जोडणारा, चारशे मीटरांहून अधिक लांबीचा काचेचा आकाशमार्ग सिडकोने हाती घेतला आणि वऱ्हाडभर त्याचे ढोल वाजले. ज्यांना जमिनीवरून डोंगरापर्यंत पोहोचण्याची सोय नाही, त्यांच्या नावाने हवेत चालण्याची सोय करण्याचा हा प्रकार आहे. कापूस वाहण्यासाठी बांधलेली, पुढे गोरगरिबांना मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, नेणारी ‘शकुंतला’ बंद पडली, तेव्हा या विकासपुरुषांच्या डोळ्यांतून टिपूस गळले नाही. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि २०२३ मध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु सवलत असते ती बसमध्ये. मजुराच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या वस्तीजवळून सकाळी निघणारी आणि दिवेलागणीला परत आणणारी गाडी नसेल, तर त्या सवलतीचा त्याला काय उपयोग?

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला आपल्यातूनच येईल: कपाशीला भाव नाही, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली, आणि तुम्ही सहलीच्या गोष्टी काय सांगता? या साथींच्या कळकळीविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की हा मालकांचाच युक्तिवाद आहे. श्रमिकाला केवळ पोट आहे, असे मालक म्हणतो. आपण तसे म्हणू लागलो तर आपल्यात आणि त्याच्यात अंतर काय उरले? आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, या मागणीसाठी जगभर रक्त सांडले ते त्या तिसऱ्या आठ तासांसाठीही सांडले.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा: गरिबांची झुंबड डोंगरावर गेली की घाण होईल. घाटात प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि दारूच्या काचा फेकल्या जातात त्या मोटारींच्या खिडक्यांतून, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. उलट सामान्य वऱ्हाडी कुटुंबाला डोंगराच्या पायथ्याशी कसे राहावे हे शिकवावे लागत नाही. बहिरमच्या यात्रेत हिवाळ्यात महिनाभर राहुट्या पडतात, गोवऱ्यांवर रोडगे भाजले जातात, वांग्याची भाजी रटरटते आणि अठरापगड जातींची माणसे सातपुड्याच्या सावलीत दिवस घालवून परततात. सालबर्डीला महाशिवरात्रीची रीघ लागते. देवाच्या निमित्ताने का होईना, गरिबाने डोंगराशी आपले नाते टिकविले आहे. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, तिथे स्वच्छतेचे निमित्त सांगून गरिबाला वाट बंद करावी, यापरते दुर्दैव नाही. बाबांनी हाती खराटा घेतला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला गरिबांसाठी धर्मशाळाही बांधल्या. घाणीवर त्यांचे उत्तर अधिक सोयींचे होते, कमी माणसांचे नव्हते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून आपल्याला पुढे जाता येणार नाही. मेळघाट हे रिकामे रान नव्हे. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत त्याचा समावेश झाला, आणि वाघाच्या रक्षणाचा भार कोरकूंच्या माथ्यावर पडला. त्यांच्या कित्येक गावांना उठावे लागले. शहरातल्या श्रमिकाचा रविवार डोंगरातल्या श्रमिकाच्या पाठीवर बसून साजरा होणार असेल, तर तो आपल्याला नको आहे. पण उपाय आहे, आणि तो पायविहीरने दाखविला आहे. परतवाड्याजवळच्या या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने तिथे पुन्हा जंगल उभे केले आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. डोंगराचा यजमान ग्रामसभाच असली पाहिजे. किती माणसे यावीत, कोणत्या वाटेने जावीत, भाकरी कोणी रांधावी आणि शुल्क कोणाच्या हाती पडावे, हे तिने ठरवावे. आज कोरकू मजूर आणि राजापेठेतला मजूर यांची गाठ पडते ती अमरावतीतल्या बांधकामावर, मुकादमाच्या देखरेखीखाली. ती कोरकूच्या अंगणात, पाहुणा आणि यजमान म्हणून पडावी.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. एका नोकराच्या दुकानालाही साप्ताहिक सुट्टीचे कायदेशीर बंधन पुन्हा लागू करा. सुट्टीच्या दिवशी राजापेठ आणि बडनेऱ्याहून चिखलदऱ्याला, तसेच पोहरा-मालखेडकडे, साध्या भाड्याची परतीची बस सोडा. काचेच्या पुलाआधी धर्मशाळा, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधा. डोंगरावरचा व्यवसाय धनदांडग्यांना न देता ग्रामसभांना द्या.

सरकार ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. दर महिन्याला एका वस्तीने वर्गणी काढून, शिदोरी बांधून, मुलाबाळांसह एक दिवस डोंगरावर घालवावा आणि येताना आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा. ज्या दुकानदाराने त्या दिवसाची सुट्टी नाकारली, त्याच्या दाराशी दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांनी जाऊन उभे राहावे. रविवारचा लढा तिथूनच पुन्हा सुरू होणार आहे.