बरा होणार नाही, मग?

"काय सांगतोस! कुत्र्याला पण ल्युकेमिया होतो?"

गेल्या आठ महिन्यांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तराचं एक टेम्प्लेटच बनवून ठेवावं असं वाटायला लागलंय. तर मंडळी, होतो. माणसाला होतो तसाच होतो. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी बनतात, तिथे बिघाड होतो आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. तो माणसाला लागत नाही, शेजारच्या कुत्र्याला लागत नाही. (मांजरांमध्ये ल्युकेमियाचा एक विषाणू असतो आणि तो एका मांजरातून दुसऱ्यात पसरतो. त्यावरून लोक गोंधळतात. कुत्र्यांचं तसं नाही.)

एवढं सांगून झालं की समोरच्यांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, "कुत्र्यावर एवढा खर्च? अरे, माणसांना औषधं मिळत नाहीत!" दुसरा गट म्हणतो, "हार मानायची नाही हं, काहीही कर, मुंबईला ने, चेन्नईला ने, पण वाचव त्याला." पहिल्या गटाचा राग येतो आणि दुसऱ्याचं बरं वाटतं. पण खरं सांगू? दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात. उपचार म्हणजे बरं करणं, आणि बरं होणार नसेल तर उपचार फुकट. माझं भांडण या गृहीतकाशी आहे.

आमचा बंड्या गावठी आहे, वय साधारण दहा. मी इंजिनिअरिंगला असताना घरी आला. गेल्या पावसाळ्यात जरा मलूल वाटला म्हणून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी ६२ हजार! निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण ६ ते १७ हजारांच्या मधे असतो. पहिल्या क्लिनिकमध्ये लगेच "आजपासून स्टिरॉइड सुरू करू" असं सांगण्यात आलं. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र हात वर केला. म्हणाले, आधी गोचीडताप नाही ना ते बघू.

हे प्रत्येक कुत्रेवाल्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे गोचीड बारा महिने आणि त्यातून होणारा एर्लिकियाचा संसर्ग जुना झाला की रक्ताचा रिपोर्ट हुबेहूब ल्युकेमियासारखा दिसू शकतो. एकाचा इलाज डॉक्सीसायक्लिन, साधारण चार आठवडे. दुसऱ्याचा इलाज पूर्ण वेगळा. शिवाय निदान व्हायच्या आधीच स्टिरॉइड दिलं तर कर्करोगाच्या पेशी तात्पुरत्या दबतात, पुढच्या तपासण्या फसतात आणि पुढे औषधांना दाद मिळणंही अवघड होऊ शकतं. लॉग बघायच्या आधी सर्व्हर रीस्टार्ट करणारा सहकारी आठवा, तसंच हे.

बंड्याला गोचीडताप नव्हता. निघाला तो लिंफोसाइटचा क्रॉनिक, म्हणजे सावकाश चालणारा ल्युकेमिया. "ल्युकेमिया" या एका शब्दाखाली दोन फार वेगळे आजार आहेत. अॅक्यूट प्रकारात मज्जेतल्या कोवळ्या, अर्धवट पेशी वाढतात. कुत्रा झपाट्याने खंगतो आणि उपचार करूनही हातात बऱ्याचदा काही आठवडे, फार तर काही महिने असतात. क्रॉनिक प्रकार म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये जास्त, पुष्कळदा दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासताना सापडतो. कधीकधी तर सुरुवातीला नुसतं लक्ष ठेवतात. औषध लागलंच तर क्लोरँब्यूसिल आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. पूर्ण बरा होत नाही, पण वर्ष-दोन वर्षं, काही कुत्री त्याहूनही जास्त, मजेत काढतात. तेव्हा कुणी "कुत्र्याला ब्लड कॅन्सर आहे" म्हणालं की हळहळण्याआधी विचारा, कोणता?

आता खर्चाचं. मी इंजिनिअर माणूस, रिपोर्ट जितके जास्त तितकं मला बरं वाटतं. पण आमच्या डॉक्टरांनी एक प्रश्न शिकवला: "ही टेस्ट हो आली किंवा नाही आली, तर आपण वेगळं काय करणार?" उत्तर "काही नाही" असेल तर ती टेस्ट आपल्या मनाच्या समाधानासाठी आहे, सुई मात्र कुत्र्याला टोचणार. पेशी नेमक्या कोणत्या हे सांगणारी फ्लो सायटोमेट्री केली, कारण तिच्यावर औषध ठरणार होतं. मज्जेची तपासणी केली नाही, कारण तिने काहीच बदलणार नव्हतं. खर्च आपोआप आटोक्यात आला. पहिल्या गटाच्या टोमण्यांना माझं उत्तर हेच आहे. पैसे किती गेले हे विचारू नका, कशासाठी गेले ते विचारा.

दुसरा गैरसमज केमोचा. केमो म्हटलं की सिनेमातला टक्कल पडलेला, सतत उलट्या करणारा पेशंट डोळ्यासमोर येतो. कुत्र्यांमध्ये डोस मुद्दाम बेताचा ठेवतात, कारण उद्देशच "राहिलेले दिवस चांगले जावेत" हा असतो. बहुतेक कुत्र्यांचे केसही फारसे गळत नाहीत. त्रास होतच नाही असं नाही. उलट्या, जुलाब होऊ शकतात, रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी होऊ शकतात. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं आणि ताप आला तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. (कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, तेव्हा १०१ बघून घाबरू नका.) आणि आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्याला कधीही, म्हणजे कधीही द्यायची नाही.

या गोळ्या हाताळायचे नियम आहेत. हातमोजे घालायचे, गोळी फोडायची नाही, कुटायची नाही, शी-शू साफ करतानाही हातमोजे, घरात कुणी गरोदर असेल तर तिने या कामापासून लांब राहायचं. प्रेडनिसोलोनमुळे भूक आणि तहान प्रचंड वाढते, म्हणजे शू पण. ती गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करायची नसते.

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. आजारी कुत्र्याची काळजी हे प्रेमापेक्षा जास्त वेळापत्रकाचं काम आहे. दुपारी तीनला फरशी कोण पुसतं? मी तर स्टँडअप कॉलवर असतो. आमच्याकडे आई पुसते. बंड्याला "हार मानू नकोस" म्हणणाऱ्या एकाही मित्राने आईला विचारलं नाही की काकू, तुमची कंबर कशी आहे. आपल्या पिढीतल्या पुष्कळ घरांत हे असंच आहे. कुत्रा मुलाने आणलेला, डॉक्टरशी बोलणार मुलगा, पैसे भरणार मुलगा, इन्स्टावर फोटो टाकणार मुलगा, आणि करणार आई. निर्णय एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे, हे बरोबर नाही. म्हणून आमच्या घरात ठरलंय: रात्रीचं उठणं आणि शनिवार-रविवार माझे, आणि "आता पुरे" म्हणायच्या वेळी सगळ्यात जड मत आईचं.

हो, ती वेळ येणार आहे. त्याबद्दल बोलणं आपल्याकडे अभद्र समजतात. मी म्हणतो, तो धडधाकट असतानाच बोला. अॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ साली एक मोजपट्टी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय असं समजायचं. मार्कांनी मरण ठरवायचं, असा त्याचा अर्थ नाही. पण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, ती लिहून ठेवली की दिसते. आम्ही फ्रिजवर तीन ओळी लावल्यात: बाबांच्या स्कूटरचा आवाज ओळखून दाराशी जाणं, पोळीचा तुकडा मागणं, गच्चीवर उन्हात लोळणं. यातल्या दोन गोष्टी आठवडाभर बंद झाल्या, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. आधी गाढ झोपेचं औषध देतात, मग शेवटचं इंजेक्शन. हे आत्ता लिहितानाही जड जातंय. पण रात्री दोन वाजता, रडत, घाईत ठरवण्यापेक्षा हे बरं.

"लढतोय बिचारा" असंही लोक म्हणतात. बंड्या लढत वगैरे नाहीये हो. त्याला ल्युकेमिया हा शब्द माहीत नाही, पुढचं वर्ष माहीत नाही. त्याला आजची पोळी माहीत आहे. लढाई, जिंकणं, हरणं हे सगळं आपलं, आणि ते त्याच्या अंगावर लादायचा आपल्याला काही हक्क नाही.

धर्मराजाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. स्वर्गाच्या दाराशी त्याने कुत्र्याला सोडून आत जायला नकार दिला. मोठं झाल्यावर त्यातली एक गोष्ट लक्षात आली. त्या कुत्र्याला बरं करायचं, वाचवायचं, असं धर्मराजाकडे कुणी मागितलंच नव्हतं. प्रश्न एवढाच होता की याला सोडून जाणार का.

असो. तुमच्याही घरी असा रिपोर्ट आला, तर "बरा होईल का?" हे जरूर विचारा. पण उत्तर "नाही" आलं म्हणून तिथेच थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा, "मग त्याचे दिवस चांगले कसे जातील, आणि त्यासाठी घरात कोण काय करणार?" पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतील. दुसऱ्याचं तुम्हालाच द्यावं लागेल.